पंधरा हजारांतली एक

लायमन ऑगसबर्गर वर्षातून सहा वेळा खोटं बोलायचा. तेही माइकवरून, आणि दुसऱ्याने लिहून दिलेलं. एरवी माणूस अगदी नाकासमोर चालणारा. एल्डन फोर्कच्या शाळेत छत्तीस वर्षं त्याने गणित शिकवलं, आणि उत्तर बरोबर असूनही रीत दाखवली नाही म्हणून अर्धे गुण कापले. गावातले निम्मे बाप्ये अजून त्याला रस्त्यात पाहिलं की शर्ट आत खोचतात. असा माणूस एल्डन स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर शनिवारी दुपारी काचेच्या खोलीत बसायचा, कुणी किती यार्ड पळालं ते सांगायचा, आणि सामन्याच्या चार भागांतला तिसरा संपला की समोर आलेली चिठ्ठी वाचायचा. "आजच्या सामन्याची उपस्थिती, पंधरा हजार दोनशे चार. एल्डन स्टेटतर्फे आपले आभार."

खालून कुणीतरी हमखास ओरडायचं, "कावळे धरून का रे, लायमन?" आणि मैदान हसायचं. हसायला जेवढे होते तेवढेच.

चिठ्ठी लिहायचा ग्रेडन पायपर, कॉलेजचा क्रीडा संचालक. त्याचा हिशेब साधा होता. विकलेलं प्रत्येक तिकीट म्हणजे आलेला माणूस. चर्चला वाटलेली, विमा कंपनीच्या गळ्यात मारलेली, शाळांना फुकट दिलेली, तीही धरायची. मग बँडवाली पोरं, पॉपकॉर्नवाले, पोलीस. एवढी खोगीरभरती करून आकडा पंधरा हजारांच्या वर न्यायचा, कारण वरच्या गटात खेळायचं तर सरासरी पंधरा हजार लागते. आणि वरच्या गटात खेळत असलात तरच चांगला पोरगा तुमच्याकडे बघतो. पायपर म्हणायचा, "लोक जिथे जातात तिथे पोरं जातात. पोरं जिथे जातात तिथे लोक जातात. कुठून तरी सुरुवात करावी लागते." त्याने सुरुवात चिठ्ठीपासून केली होती.

यातली खरी गोम ठाऊक होती ती ओपलला. ओपल म्हणजे लायमनची बायको. तिने एकोणतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. बस सोडण्याआधी डोकी मोजायची तिची सवय हाडात भिनलेली. जेवायला पाहुणे आले तरी दारातच मोजायची. मैदानावर तिची जागा ठरलेली, एफ विभाग, चौदावी रांग, सात नंबर. पहिल्या भागात ती खेळ बघायची आणि दुसऱ्या भागात माणसं मोजायची, रांगेरांगेने, ओठ हलवत. घरी जाताना गाडीत हाच विषय.

"किती म्हणालास आज?"

"पंधरा हजार दोनशे."

"हं. माझ्या बसमध्ये सहा हजार चारशे चढले."

"बाकीचे?"

"बाकीच्यांची बस चुकली वाटतं."

मग दोघं हसायची. पण एकदा, बर्फाळ नोव्हेंबरात, ती हसली नाही. म्हणाली, "लायमन, बसमध्ये माझा एकच नियम आहे. जे पोर जागेवर नाही ते मोजायचं नाही. आईने सांगितलं असेल, बहिणीने सांगितलं असेल, येतोय म्हणून. दिसलं नाही तर मोजायचं नाही. न आलेलं मोजलं की बस सुटते आणि ते पोर बर्फात उभं राहतं." लायमन तेव्हा म्हणाला, हा फुटबॉल आहे, बस नाही. ओपलचं ते वाक्य त्याला पुढे फार आठवणार होतं.

एफ विभागात ओपलच्या शेजारी डार्ला व्हेटस्टोन बसायची. बरणीच्या कारखान्यात कामाला, नवरा सोडून गेलेला, मांडीवर पोरगा. पोराचं नाव कॉर्विन. ओपल त्याला आपल्या हातचे शेंगदाण्याच्या लोण्याचे चॉकलेटात बुडवलेले लाडू खाऊ घालायची आणि मोजायला शिकवायची. "तू डावीकडचे मोज, मी उजवीकडचे." सहा वर्षांचा कॉर्विन बोटं नाचवत मोजायचा आणि झोप आली की ओपलच्या कोटात शिरायचा. ऑगसबर्गरांना मूल झालं नाही. हे कुणी बोलून दाखवायचं नाही, पण लाडवांचा डबा दर वर्षी मोठा होत गेला.

मग बरणीचा कारखाना बंद पडला. लोक गेले, कोण कोलंबसला, कोण टेक्ससला, म्हातारे फ्लोरिडाला. डार्ला गावातच राहिली, पण तिला शनिवारचं काम लागलं आणि मायलेकांचं मैदानावर येणं थांबलं. आता एल्डन फोर्कची एक रीत सांगायला हवी. इथे माणूस मेला तरी त्याची मैदानावरची जागा कुणी सोडत नाही. लोक मृत्युपत्रात जागा लिहून ठेवतात. मुलगा टेक्ससमध्ये राहतो, पाच वर्षांत सामन्याला फिरकलेला नसतो, पण एप्रिलमध्ये नूतनीकरणाचं पाकीट आलं की मुकाट्याने चेक पाठवतो. बापाची जागा सोडायची कशी? आणि त्या जागेवर एक उशी ठेवायची, हिरवी, बसायची, वर नाव शिवलेलं. सीझनभर ती तिथेच. पाऊस आला की दरवानाचं काम करणारी पोरं उशांवर प्लास्टिक घालतात. त्या उशीवर कुणी बसत नाही, पाय ठेवत नाही, दारू प्यायलेलासुद्धा नाही.

हळूहळू एफ विभागात माणसांपेक्षा उशा जास्त झाल्या. गावाने प्रेमानेच केलं सगळं. पण पायपरच्या हिशेबात प्रत्येक उशी म्हणजे एक विकलेलं तिकीट, आणि प्रत्येक तिकीट म्हणजे आलेला माणूस. गाव रिकामं होत होतं आणि आकडा जागचा हलत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ मेलेल्यांनी झाकून धरली होती.

ओपल गेली ती मार्चमध्ये, स्वादुपिंडाच्या दुखण्याने, सात आठवड्यांत. एप्रिलमध्ये पाकीट आलं. लायमनला स्वतःला तिकीट लागत नव्हतं, तो खोलीत बसायचा, गळ्यात ओळखपत्र. त्याने ओपलच्या जागेचे पैसे भरले आणि उशी शिवायला टाकली.

त्या सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला त्याने आणखी एक गोष्ट केली, जी त्याने कुणाला सांगितली नाही. तीन नंबरच्या फाटकावर फर्न क्रेबिल बसायची, ओपलची मैत्रीण, हातात तिकीट वाचायचं यंत्र. लायमन कामगारांच्या दाराने न जाता तिच्या रांगेत उभा राहिला आणि ओपलचं तिकीट पुढे केलं. फर्नने त्याच्याकडे पाहिलं, मग तिकिटाकडे. मग यंत्र तिकिटावर धरलं. टिंग.

"जा ओपल, आत जा," ती म्हणाली. "तुझी जागा कुठे पळून जात नाही."

पुढे दर सामन्याला तेच. फक्त टिंग. म्हणजे पायपरच्या खोट्या आकड्यात तर ओपल होतीच, पण फर्नच्या यंत्रातल्या खऱ्या आकड्यातही होती. लायमन चिठ्ठी वाचताना पंधरा हजार म्हणायचा आणि मनात म्हणायचा, त्यातली एक. लोक हसायचे. त्याला त्या आकड्याची लाज वाटायची बंद झाली होती. उलट तो आकडा वाचायला मिळावा म्हणून तो शनिवारची वाट बघायचा. दुःख माणसाला कसल्या कसल्या गोष्टींशी नातं जोडायला लावतं.

ओपलला जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा कॉर्विन सतरा वर्षांचा होता, सहा फूट पाच इंच, दारातून वाकून यायचा. तो पुढच्या फळीत खेळायचा. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू कधी येत नाही, ज्याचं नाव लायमन माइकवर कधी घेत नाही, पण जो नसेल तर बाकीचे चिरडले जातील, तो. तीन राज्यं पलीकडच्या एका मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिथे शनिवारी साठ हजार माणूस येतं. एल्डन स्टेटनेही देऊ केली होती. मोठ्या विद्यापीठात दोन वर्षं बाकावर बसावं लागलं असतं, इथे पहिल्या दिवसापासून खेळायला मिळणार होतं.

पायपरने त्याला आणि डार्लाला पाहुणे म्हणून बोलावलं तो शनिवार मोठ्या थाटाचा होता. आठ शाळांचे बँड बोलावलेले, त्यांच्या आयाबापांसकट. चर्चच्या बसगाड्या. फुकट हॉटडॉग. मैदान निम्मं तरी भरलं होतं, आणि निम्मं भरलेलं मैदान एल्डन फोर्कने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. लायमनने चिठ्ठी वाचली, "सोळा हजार एकशे तीस." त्या दिवशी कावळ्यांवरून कुणी ओरडलं नाही.

सामना संपल्यावर लायमन नेहमीप्रमाणे एफ विभागात उशी पुसायला गेला. कॉर्विन सहा नंबरच्या जागेवर बसला होता, उशीच्या शेजारी, गुडघे समोरच्या रांगेच्या वर आलेले.

"मिस ओपल असत्या तर त्यांनी लाडू आणले असते," तो म्हणाला.

"दोन डबे. तुझा देह बघता."

कॉर्विन हसला. "मिस्टर ऑगसबर्गर, एक विचारू? माझं नाव तर कुणी घेत नाही. चेंडू माझ्या हातात नसतोच. मला फक्त तो आवाज आवडतो. आम्ही रस्ता उघडून दिला आणि मागचा पळत सुटला की सगळं मैदान जे ओरडतं ना, ते मला माझं वाटतं. इथे येतात ना हो माणसं? दर शनिवारी? तो आकडा खरा असतो ना?"

लायमनच्या जिभेवर खरं आलं होतं. ते अगदी सोपं होतं. अरे, आज आठ बँड आणलेत, पुढच्या आठवड्यात ये आणि मोज. पण त्याला पोरगा गावात हवा होता. ओपलच्या कोटात झोपलेला पोरगा दर शनिवारी खाली मैदानावर दिसावा, एवढं त्याला हवं होतं. आणि दुसरंही होतं, जे त्याने स्वतःलासुद्धा फार उशिरा कबूल केलं. आकडा खोटा म्हटला की त्याच क्षणी शेजारची उशी नुसती उशी होणार होती.

"प्रत्येक आकड्यामागे एक तिकीट आहे, कॉर्विन," तो म्हणाला.

हे शब्दशः खरं होतं. शाळेत एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर लायमनने त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

कॉर्विनने मान डोलावली. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि फेब्रुवारीत त्याने एल्डन स्टेटच्या कागदावर सही केली.

पहिल्या वर्षीच्या पहिल्या सामन्याला फर्नच्या यंत्रात तीन हजार आठशे निघाले, त्यात ओपल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॉर्विनसोबत आलेली अकरा पोरं होती, कोण मिशिगनची, कोण जॉर्जियाची. तीही चिठ्ठ्यांवरचे आकडे ऐकून आलेली. त्यांनी रिकाम्या रांगा बघितल्या, हिरव्या उशा बघितल्या, एकमेकांकडे बघितलं. पाहुण्या संघाचे खेळाडू हसत म्हणायचे, तुमच्याकडे स्मशान मैदानातच आहे का. वर्ष संपलं तेव्हा अकरांतली सात दुसरीकडे निघून गेली. मोठ्या विद्यापीठातून कॉर्विनला पुन्हा फोन आला, अजून जागा आहे, ये म्हणून. तो गेला नाही. डार्ला लायमनला किराणा दुकानात भेटली तेव्हा कौतुकाने म्हणाली, "शब्द दिलाय म्हणतो. मिस्टर ऑगसबर्गर म्हणालेत, लोक येतात, आज ना उद्या येतील म्हणतो." लायमनने हातातला पाव पुन्हा फळीवर ठेवला आणि न घेताच घरी आला.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात कॉर्विनचा गुडघा गेला. दोन जण त्याच्या पायावर पडले आणि पाय भलतीकडे वळला. भरल्या मैदानात अशा वेळी एक मोठा हुंकार उठतो आणि त्यात बाकी सगळं बुडून जातं. इथे बुडायला काही नव्हतंच. डार्ला एफ विभागातून ओरडली, "माझ्या पोराला हात लावू नका, हळू, हळू उचला," आणि तो आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू आला. काचेच्या खोलीत लायमनला शब्दन् शब्द ऐकू आला. त्याच्या समोर चिठ्ठी होती, पंधरा हजार चारशे सत्तरची. ती त्याने वाचली. पगाराचा गुलाम म्हणावं तर पगारही फारसा नव्हता. सवयीने वाचली, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, पण पुढच्या फळीत परत उभा राहणार नाही. त्यानंतर मोठ्या विद्यापीठातून फोन आला नाही.

सीझनचा शेवटचा सामना नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी होता, दुपारी बाराला. आकाशातून धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी पडत होतं. लायमन तीन नंबरच्या फाटकावर गेला, तिकीट पुढे केलं, टिंग झालं. फर्नने टोपी कानांवर ओढली.

"आज तर कावळेसुद्धा आले नाहीत," ती म्हणाली.

पायपर मात्र सामना सुरू व्हायच्या आधीच खोलीत आला. त्याचे ओठ कोरडे होते. त्या वर्षी काही शाळांनी फुकटची तिकिटंही परत केली होती, त्यामुळे सरासरी पंधरा हजारांच्या किंचित खाली आली होती.

"आज सोळा हजार शंभर," तो म्हणाला. "त्याहून कमी झालं तर आपण वरच्या गटातून गेलो. चिठ्ठी आत्ताच देऊन ठेवतो."

"अजून सामना सुरू व्हायचाय, ग्रेडन."

"म्हणून काय झालं? आणि हे बघ, सहा पोरं आलीत पाहुणी, घरच्यांसकट. एफ विभागात बसवलीत. जरा दमदार आवाजात वाच."

"एफ विभागात? उशांमध्ये?"

"उशांच्या मधल्या जागांवर. लांबून बघितलं की भरल्यासारखं वाटतं."

लायमनने चिठ्ठी घडी करून घड्याळाखाली ठेवली.

मध्यांतरात दार वाजलं. कॉर्विन होता, काखेत कुबड्या, अंगावर संघाचं जाकीट. खेळता येत नव्हतं म्हणून पाहुण्यांना मैदान दाखवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. त्याच्या मागे एक ठेंगणी बाई, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, हातात कोकोचा पेला. टोलेडोहून आलेल्या पोराची आई, मिसेस टॅलमन.

"ह्यांना काहीतरी विचारायचंय," कॉर्विन म्हणाला. "मी म्हटलं, मला नका विचारू, मिस्टर ऑगसबर्गरना विचारा. ते गणिताचे मास्तर. खोटं बोलत नाहीत."

लायमनने त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"माझ्या मुलाला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे," बाई म्हणाली. "आम्हाला सांगितलं, इथे दर सामन्याला पंधरा हजार माणूस येतं. आता मी काही फार शिकलेली नाही, पण मला डोळे आहेत. हवेमुळे आज कमी आलेत का? की असंच असतं? खरं काय ते सांगा. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

कॉर्विन कुबडीवर भार देऊन काचेतून खाली बघत होता. त्याचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता.

"तिसरा भाग संपला की सांगतो," लायमन म्हणाला. "माइकवरून सांगतो. ऐका."

ती दोघं गेली. लायमनने फर्नला फोन लावला. "तुझ्या यंत्रात किती? सगळ्या फाटकांचे मिळून."

"तुला कशाला? तुला चिठ्ठी मिळाली असेल की."

"सांग, फर्न."

"दोन हजार तीनशे सतरा."

त्याने आकडा कागदावर लिहिला. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. वर्गात फळ्यासमोर पोरगं अडलं की तो त्याला म्हणायचा, उत्तराकडे काय बघतोस, रीत तपास. त्याने खाली एफ विभागाकडे बघितलं. चौदावी रांग, सात नंबर, प्लास्टिकखाली हिरवी उशी, प्लास्टिकवर पाणी साचलेलं. जे पोर जागेवर नाही ते मोजायचं नाही. त्याने पाणी प्यायलं, आणि शेवटचा अंक खोडून दुसरा लिहिला.

तिसरा भाग संपला. त्याने माइकचं बटण दाबलं.

"आजच्या सामन्याची उपस्थिती," तो वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "दोन हजार तीनशे सोळा. जे आलात, त्यांचे आभार."

कुणी हसलं नाही. लोकांनी मान वर करून काचेच्या खोलीकडे पाहिलं. मग एकेकाने आपल्या आजूबाजूला पाहिलं, आपल्या रांगेत, उशांकडे. एका म्हाताऱ्याने शेजारच्या उशीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसला.

पायपर जिना चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "काय केलंस तू हे? एका वाक्यात तीस वर्षं बुडवलीस."

"तीस वर्षं मीच वाचली, ग्रेडन."

"त्या पोरांतलं आता एक येणार नाही. एकही."

"हो," लायमन म्हणाला. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, घड्याळाखालच्या चिठ्ठीवर ठेवलं आणि कोट घातला.

पुढे वसंतात संघ खालच्या गटात गेला, शिष्यवृत्त्या निम्म्या झाल्या, आणि गावातल्या बऱ्याच जणांनी लायमनशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. त्यांचंही खोटं नव्हतं. त्याने माइकवरून मोजले नाहीत ते त्यांचेच बाप होते, त्यांच्याच आया होत्या. हे त्याला त्या दुपारी जिना उतरतानाच कळलं होतं.

त्या दुपारी सामना संपल्यावर तो एफ विभागात गेला. कॉर्विन तिथेच होता, सहा नंबरवर, कुबड्या पायाशी आडव्या. लायमनने उशीवरचं प्लास्टिक काढलं, पाणी झटकलं.

"मी तुझ्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्या दिवशी. इथेच."

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच सामन्याला मोजले मी. रांगेरांगेने, मिस ओपलनी शिकवलं तसे. डावीकडचे आणि उजवीकडचेही."

"मग आलास का नाही माझ्याकडे? तोंडावर विचारायचं होतंस. दुसरीकडे जायचं होतंस. तो फोन आला होता तेव्हा जायचं होतंस, कॉर्विन."

कॉर्विनने उशीकडे बघितलं, तिच्यावरच्या शिवलेल्या नावाकडे, आणि खांदे उडवले. "कसं विचारणार?" तो म्हणाला.

लायमन त्याच्या शेजारी खाली पायरीवर बसला आणि रडला. ओपलच्या वेळी तो असा रडला नव्हता. कॉर्विनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतका मोठा पंजा, ओपलचा अख्खा कोट त्याखाली झाकला असता. खाली पोरं कचरा गोळा करत होती, आणि त्यांना फार वेळ लागला नाही.

मग लायमनने उशी काखेत मारली आणि तीन नंबरच्या फाटकाने बाहेर निघाला. फर्न खुर्ची मिटत होती. तिने काखेतली उशी बघितली. सीझन संपल्यावर सगळे आपापल्या उशा घरी नेतात, तशी तो ही नेत नव्हता, ही परत येणार नव्हती, हे तिला कळलं.

"मी तुला सतरा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू सोळा वाचलंस."

"हो."

"यंत्र चुकत नाही, लायमन. सकाळी मीच मोजलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ती आलीच नव्हती, फर्न."